सरांच्या डोक्याचं माप

माझ्या हातून जे काही बरं घडलं, त्याचं देणं मंद्रूपच्या बिराजदार सरांचं आहे. असं वाक्य पुष्कळजण लिहितात, हे मला माहीत आहे. पण माझ्या बाबतीत ते इतकं सरळ खरं आहे की दुसऱ्या कशानं सुरुवात करणं मला जमलं नाही.

माझे वडील मल्लप्पा मंद्रूपच्या आठवडी बाजारात दोर, कासरे आणि दावी विकायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बारावी झाल्यावर मी बाजारातल्या पालात बसायचं हे ठरूनच गेलं होतं. बाजाराच्या दिवशी सर आले, दोराच्या वेटोळ्यावरच टेकले आणि वडिलांना म्हणाले, "मल्लप्पा, दोर इकायला तू हायस की. पोरगं मला दे."

"नेऊन काय करनार सर त्याचं?" वडिलांनी विचारलं.

"ते मी बघतो. तू फकस्त न्हाय म्हनू नको."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला स्कूटरवर मागं बसवून सोलापूरला नेलं आणि कॉलेजात नाव घातलं. सर मंद्रूपच्या शाळेत गणित शिकवायचे. डोक्यावर कायम पांढरी, कडक इस्त्रीची टोपी. स्कूटर चालवताना ती उडू नये म्हणून ते टोपीवरून मोठा रुमाल घ्यायचे आणि हनुवटीखाली गाठ मारायचे. त्या दिवशी वाटेत मी सारखा त्या गाठीकडे बघत होतो. सैल झाली की सर एका हातानं ती घट्ट करायचे. हेल्मेटचा पट्टा मी पुढं आयुष्यभर हाताळला, पण हनुवटीखालचा बंद कशासाठी असतो हे पहिल्यांदा पाहिलं ते सरांच्या रुमालात.

सरांनी आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. स्कूटर तीच आहे, रुमालही तसाच. पेन्शनचं काम, कुणाचं लग्न, कुणाची मयत, पुस्तकांचं दुकान, कशासाठी तरी ते मंद्रूपहून सोलापूरला येतातच. त्या रस्त्यावर विजापूरकडचे ट्रक असतात, हंगामात उसाचे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात आणि त्यांच्यामधून टोपीला रुमाल बांधून सर येतात.

आणि मी, त्यांचा विद्यार्थी, सोलापुरात पंचवीसेक वर्षं हेल्मेट विकतो आहे. सगळ्या शहराची डोकी मी मोजली. सरांचं डोकं मोजायचं राहिलं आहे.

दुकानाच्या पाटीवर माझ्या नावापुढं 'बी.कॉम.' लिहिलेलं आहे. तेही सरांमुळेच. मला लाज वाटत होती. उद्घाटनाला आलेल्या सरांनी पेंटरला थांबवून घेतलं आणि अक्षरं घालायला लावली. तेव्हापासून गिऱ्हाईक विचारत आलं आहे, "हेल्मेट इकायला बी.कॉम. लागतंय व्हय?" शेजारचे रफीकभाई सीटकव्हर शिवतात. माझ्या आधी तेच उत्तर देतात, "डोकं मोजायला आकडे यायला लागतात जी."

डोकं मोजणं हे खरं तर फार सोपं काम आहे. शिंप्याची टेप घ्यायची. भुवयांच्या बोटभर वर, कानांच्या वरून, मागं डोक्याचा जो भाग सगळ्यात फुगीर असतो तिथून फिरवून पुढं आणायची. जो आकडा येईल तो तुमचा. मग त्या मापाचं हेल्मेट घालून बघायचं. ते घालताना थोडं झगडावं लागलं पाहिजे, गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावायचा, हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवायची. मग मी गिऱ्हाईकाला मान ताठ ठेवायला सांगतो आणि हेल्मेट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवतो. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर माप बरोबर. कातडी जागेवर राहून नुसतंच हेल्मेट फिरलं तर ते डोक्यावर ठेवलेलं भांडं आहे. शेवटी मागून वर उचलून पुढं ढकलून बघायचं. निघून हातात आलं, तर पडताना ते डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचणार.

एवढंच आहे. पण आकडा जमला तरी काम संपत नाही. कुणाचं डोकं गोल असतं, कुणाचं लांबट. म्हणून मी गिऱ्हाईकाला हेल्मेट घालून बाकावर बसवून ठेवतो, चहा मागवतो आणि चहा संपेपर्यंत थांबतो. कपाळाच्या मधोमध दुखायला लागलं तर ते हेल्मेट त्या डोक्याचं नव्हे. अक्कलकोटकडच्या एक आजी मुलाच्या मागं बसायला म्हणून हेल्मेट घ्यायला आल्या होत्या. चहा निम्मा झाल्यावर कपाळ धरून कन्नडात म्हणाल्या, "तम्मा, तली नोयतैती." डोकं दुखतंय. मला बरं वाटलं. दुखतंय असं वेळेवर सांगणारं गिऱ्हाईक फार थोडं असतं. त्यांना दुसरं दिलं.

बाकीच्यांची तऱ्हा वेगळी. एकदा तिघे भाऊ आले. तिघांत गाडी एक, म्हणून हेल्मेटही एकच हवं. थोरला म्हणाला, "ज्याचं डोकं मोठं हाय त्याच्या मापाचं द्या. बाकीच्यांना आपोआप बसंल." मी टेप घेऊन समजावलं. तिघांनी माझं ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि मोठंच घेऊन गेले. सोलापुरात हेल्मेट घरातल्या छत्रीसारखं आहे. बाहेर पडणारा ते उचलतो. ते कुणा एकाचं नसतं, म्हणून कुणाच्याच मापाचं नसतं. त्यात आमचं ऊन. उन्हाळ्यात घट्ट हेल्मेट म्हणजे शिक्षा, हे मलाही कळतं. लोक वारा जावा म्हणून एक माप मोठं मागतात. वारा जातो, हेल्मेटही जातं.

श्रीनिवासची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तो यंत्रमागावर कामाला होता. गमत्या माणूस. दिवसभर खटखटाटात काम केल्यानं मोठ्यानं बोलायची सवय. हेल्मेट घालून बघताना ओरडला, "अण्णा, हे तर सासूनं गाल धरल्यासारखं वाटतंय!" दुकान हसलं. मी म्हटलं, असंच बसायला पाहिजे, महिन्याभरात आतला फोम दबतो आणि मोकळं वाटतं. त्यानं मोठं घेतलं. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा सांगितलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं आणि तिथं कुणी एकदाही सांगत नाही.

पुढं काही महिन्यांनी त्याचा धाकटा भाऊ आला. पिशवीतून हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं.

"परत घेता का? नवीनच हाय की. बघा, एक ओरखडा न्हाय."

मी हेल्मेट फिरवून पाहिलं. खरंच ओरखडा नव्हता.

"श्रीनिवास कुठंय?" मी विचारलं.

"घरी हाय. होटगी रोडला पडला. हे उडून तिकडं गवतात पडलं आनि तो इकडं." त्यानं पिशवीची घडी घातली. "मानसं ओळखतो कधी कधी. बोलत न्हाय जास्त."

मी ते हेल्मेट ठेवून घेतलं. विकलं नाही. ते आजही काउंटरच्या मागं वरच्या फळीवर आहे. सैल हेल्मेट मागणाऱ्याला मी ते खाली काढून दाखवतो आणि गोष्ट सांगतो. पूर्वी सगळी सांगायचो. आता दोन वाक्यांत सांगतो. कधी कधी नुसतं काउंटरवर ठेवतो. समोरचा म्हणतो, "हे छान आहे, केवढ्याला?"

सगळं सांगून काही उपयोग होत नाही असंही नाही. देशपांडे मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या, शहरातल्याच जुळे सोलापूर भागात राहतात. एका मे महिन्यात, भर दुपारी, चेहऱ्याला स्टोल गुंडाळून दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "बर्फावरून घसरायला जातात ना, स्कीइंग, त्याचं हेल्मेट मिळेल का?"

रफीकभाई सुई थांबवून म्हणाले, "मॅडम, सोलापूरमें बरफ फकत रसके गाडेपे मिलता जी."

मॅडमही हसल्या. मुलगी आणि जावई हिवाळ्यात काश्मीरला नेणार होते. मुलगी म्हणाली होती की तिथं भाड्यानं मिळतं, पण ते कुणाकुणाच्या डोक्यावरचं असतं. आई, तुझ्या मापाचं इथूनच घे. मी तोपर्यंत तसलं हेल्मेट पाहिलेलं नव्हतं. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून दोन-तीन मापांची मागवून घेतली आणि त्याच्याकडून फोनवर समजूनही घेतलं. आमच्या हेल्मेटपेक्षा ते हलकं असतं. हवेसाठी भोकं असतात, थंडी वाढली की ती बंद करता येतात. कानांवर मऊ गाद्या असतात. मागं एक चकती असते, ती फिरवली की आतली पट्टी डोक्याभोवती आवळते. चकतीच्या भरवशावर मोठं माप घ्यायचं नाही, आधी कवच बसलं पाहिजे. आणि चष्म्यासारखा मोठा गॉगल लावतात, त्याची वरची कड हेल्मेटला नीट भिडली पाहिजे. मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहिली तर तिथं वारं झोंबतं. गॉगल हेल्मेटनं खाली नाकावर दाबला गेला, तरी चुकलं.

मॅडम बाकावर ताठ बसल्या. शाळेत बसावं तशा. मी टेप लावली, आकडा सांगितला, त्यांनी तो पाठ केला. अंबाडा सोडून केस मानेशी बांधा म्हटलं, बांधले. मान हलवा म्हटलं, हलवली. कुठं दाब येतोय का विचारलं, तर नीट विचार करून म्हणाल्या, "डावीकडे थोडा जास्त." एक माप बदललं. मग त्यांनी विचारलं, "थंडीसाठी आतून लोकरीची टोपी घालू का?"

"नको," मी म्हणालो. "टोपी डोक्यावर सरकते आणि टोपीवर हेल्मेट सरकतं."

हे बोलताना मला सर आठवले.

त्या दिवशी मी खूष होतो. इतकी नीट ऐकणारी व्यक्ती दुकानात आली नव्हती. मॅडम खोका घेऊन बाहेर गेल्या. खोका स्कूटीच्या पायाशी ठेवला, स्टोल पुन्हा गुंडाळला आणि स्कूटी सुरू केली. हेल्मेट कुठंच नव्हतं.

मी पायरीवर धावलो. "मॅडम, इथलं हेल्मेट?"

"अहो, इथंच तर जायचंय, जुळे सोलापूर."

रफीकभाई माझ्याकडं बघत राहिले. हसले नाहीत. या धंद्यात मला सगळ्यात जास्त कशानं थकवलं असेल तर या 'इथंच तर'नं. लांब जाताना माणूस भितो, विचारतो, ऐकतो. रोजच्या रस्त्याला कुणी भीत नाही. श्रीनिवासचा रस्ताही रोजचाच होता. मॅडम काश्मीरहून सुखरूप आल्या, फोनवर फोटो दाखवला. बर्फात उभ्या, गॉगल आणि हेल्मेट अगदी भिडलेलं. मी म्हटलं, "बरोबर बसलंय. आता इथलं पण घ्या." त्या म्हणाल्या, "बघू हं." अजून बघताहेत.

आता सरांकडे येतो.

सरांच्या पंच्याहत्तरीला माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला. पुढाकार गुरुनाथचा. तो माझ्याच वर्गातला, आता मोठा कंत्राटदार. त्यानं फोन केला.

"शिवा, सरांना हेल्मेट द्यायचं ठरलंय. तुझीच आयडिया म्हन की, तू दर भेटीत तेच रडतोस. सगळ्यात मोठं काढून ठेव."

"मोठं कशाला? सरांचं डोकं लहान आहे."

"तोंड सांभाळून बोल. आख्खा तालुका शिकवलाय त्या डोक्यानं."

"अरे, मापानं लहान म्हणतोय मी. आधी मोजू या."

"सत्काराची शाल मोजून आनतात काय? सरांना बारकं हेल्मेट दिलं तर लोक काय म्हनतील? लई बोलतोस तू."

मी सरांच्या डोक्याचा अंदाज घेऊन लहान मापाची दोन बाजूला काढून ठेवली. गुरुनाथ आला, त्यानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं, सगळ्यात महाग उतरवलं. मी नको म्हणत असताना पैसे काउंटरवर ठेवून गेला. वाटेत पेंटरकडे थांबून त्यावर सोनेरी अक्षरांत 'गुरुवर्य' लिहून घेतलं, वर कमळ काढलं.

सत्काराच्या दिवशी सरांना आधी शाल दिली, मग फेटा बांधला. फेटा बांधल्यावर हेल्मेट घालायची वेळ आली. ते फेट्यावरून जाईना. फेटा सोडणं अशुभ दिसलं असतं. शेवटी फोटोपुरतं दोघांनी दोन्ही बाजूंनी हेल्मेट सरांच्या डोक्यावर वीतभर वर धरलं, छत्रासारखं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सर माझ्याकडं बघून मिशीत हसत होते.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो, तर हेल्मेट शोकेसमध्ये. दोन्ही बाजूंना सन्मानचिन्हं, खाली लोकरीचा रुमाल, हेल्मेटच्या काचेवर प्लास्टिकचं कव्हर तसंच.

"सर, हे वापरत नाही तुम्ही?"

"डोक्यावर आपनच 'गुरुवर्य' लिहून गाडी चालवू व्हय रे? लोक म्हनतील, म्हातारं चळलं."

"अक्षरं काढून देतो."

"काढू नको. पोरांनी प्रेमानं दिलंय."

"मग दुसरं देतो. साधं. तुमच्या मापाचं."

"हे घरात असताना दुसरं घालायचं? त्या पोरांना काय वाटंल?"

आतून काकू म्हणाल्या, "मी रोज पुसते ते. धूळ बसू देत न्हाय." आणि चहा घेऊन आल्या.

हेल्मेट मिळाल्यामुळेच सर आता हेल्मेट घालू शकत नव्हते. पूर्वी निदान मी त्यांना 'घ्या' म्हणू शकत होतो.

मागच्या ऊसहंगामात सर पडले. रस्त्यावर ट्रॉलीतून सांडलेला ऊस होता, त्यावरून स्कूटर घसरली. कोपर सोलवटलं, कपाळाला टाके पडले. गाठ सुटून रुमालासकट टोपी उडाली आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेली. मी भेटायला गेलो तेव्हा सर खाटेवर बसले होते, दुसरी टोपी घालून.

"शिवा, टोपी गेली, डोकं ऱ्हायलं," असं म्हणून ते मोठ्यानं हसले.

मला हसू आलं नाही. काकूंनी ती टोपी टाकून दिली नव्हती. धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातली होती. पांढऱ्या कापडावर चाकाची नक्षी तशीच राहिली होती. मी तिच्याकडं बघत होतो आणि मला आमच्या फळीवरचं बिनओरखड्याचं हेल्मेट दिसत होतं.

मी खिशातून टेप काढली. म्हटलं, "सर, आज माप घेतो."

"घे की," सर म्हणाले आणि मान ताठ करून बसले. टोपी काढली नाही. सरांना बिनटोपीचं मी कधी पाहिलेलं नाही, मंद्रूपमध्ये कुणीच पाहिलेलं नसेल. "टोपीवरूनच मोज," ते म्हणाले.

टोपीवरून माप येत नाही. ती काढायला हवी होती आणि काढायला हात वर न्यायला हवा होता. मी वकिलांच्या, फौजदारांच्या, पैलवानांच्या डोक्यांना हात लावला आहे. मान धरून सरळ केली आहे. पण सरांच्या बाबतीत माझे हात फक्त खाली जायचं शिकले आहेत, त्यांच्या पायांपर्यंत. मी टेप दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. सर वाट बघत होते. काकू बघत होत्या. मग मी टेप गुंडाळली, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा येतो म्हणून निघालो.

या दिवाळीनंतर दुकान आवरतो आहे. खांदे दुखतात. लोक दुकानात येऊन घालून बघतात आणि मागवतात फोनवरून. त्याचाही आता राग येत नाही. रफीकभाई म्हणतात, तुम गये तो मैं किससे बात करूं? बाकी दुकान बंद झाल्यानं कुणाचं काही अडणार नाही. माझं मात्र एक डोकं मोजायचं राहिलं आहे. ते राहिलेलं असताना शटर ओढवत नाही. सरांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि समोर गेलो की ते चेष्टेवर नेतात. म्हणून गेल्या आठवड्यात त्यांना पत्र पाठवलं. पत्राबरोबर टेप ठेवली. तेच पत्र इथं देतो.

आदरणीय सर,

शिवानंदचे आपणांस आणि काकूंना शरणार्थ.

सोबत एक टेप आहे. हा गृहपाठ समजावा. तुम्ही आम्हाला वर्गात सांगायचात की अंदाजानं उत्तर लिहिलं तर बरोबर आलं तरी मार्क देणार नाही. तुमच्या डोक्याच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी अंदाजच केला आणि उत्तरही चुकलं.

रविवारी काकू तुमच्या डोक्याला तेल लावतात, असं तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. तेल लावायच्या आधी त्यांनी टेप धरावी. भुवयांच्या बोटभर वर, कानांच्या वरून, मागं सगळ्यात फुगीर भागावरून. तीन वेळा मोजावं. तिन्हींत मोठा आकडा असेल तो कळवावा. त्या मापाचं साधं पांढरं हेल्मेट मी लगेच काढून ठेवतो. त्यावर काही लिहिलेलं नसेल. गुरुनाथशी मी बोललो आहे. तो म्हणाला, शोकेसमधलं शोकेसमध्येच शोभतं, सरांना रोजचं वेगळं दे. त्यामुळे कुणाला वाईट वाटणार नाही.

सर, तुमच्या स्कूटरवर मागं बसून मी पहिल्यांदा सोलापूर पाहिलं. सगळा रस्ता ट्रकांचा होता, पण पुढं तुम्ही होता म्हणून मला भीती वाटली नाही. आता तुम्ही त्याच रस्त्यानं एकटे येता, आणि तुम्ही येणार असं कळलं की मी दुकानाच्या पायरीवर उभा राहतो. स्कूटर दिसेपर्यंत गिऱ्हाईकाकडे माझं लक्ष लागत नाही. पंचवीस वर्षं लोकांना सांगून मी थकलो आहे. तुम्हाला सांगून थकायची माझी इच्छा नाही.

आपला विद्यार्थी,
शिवानंद

ता. क. टोपी काढूनच मोजावं. मी समोर नसेन.